वरून जुळा, खालून सावत्र

मी हौदा बोलतोय. पाण्याचा नव्हे, जुन्या पिकअप गाडीच्या पाठीवर माल ठेवायला असतो, तो हौदा. तीन बाजूंना पत्रा, मागे उघडझाप करणारा फाळका आणि तळाला लाकडी फळ्या. पण पुढे बोलण्याआधी मला सांगा, माझी कहाणी ऐकून तुम्हाला काय करायचंय? विकत घ्यायचा विचार असेल तर सरळ बोला. 'मला जुन्या वस्तूंची फार आवड' असं म्हणत जवळ येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा एक हात कौतुकाने पाठीवरून फिरत असतो आणि दुसऱ्या हाताचं नख रंग कुठे सुटतोय का ते चाचपत असतं.

माझा स्वभाव संशयी आहे हे मी लपवत नाही. तुम्ही हौद्याच्या जन्माला आला असतात तर तुम्हीही तसेच झाला असतात. जो येतो तो माझ्यात काहीतरी टाकतो आणि टाकताना म्हणतो, "जरासंच आहे." हे जरासं म्हणजे केवढं, ते माझ्याखालच्या कमानपाट्यांना विचारा. शिवाय केबिनला पुढचा रस्ता दिसतो, मला दिसतो मागचा. हसून निरोप देणारी माणसं गाडी वळल्यावर तोंड कसं करतात, ते केबिनला कधी कळत नाही. मला कळतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्यावर एक अवजड साचा धाडकन आदळला आणि माझी डावी बाजू तयार झाली. पुन्हा आदळला आणि उजवी झाली. मग तळाला फळ्या आल्या, फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या आल्या आणि शेवटी हिरवा रंग. माझी केबिन आणि मी एकाच पिंपातल्या रंगाचे. तरी आमच्या दोघांत बोटभर फट ठेवली होती. मला वाटलं, हिला माझ्यापासून लांब का ठेवतायत, माझ्याबद्दल कुणी काही सांगितलं की काय. पुढे कळलं की गाडी खड्ड्यातून जाताना खालची चासी, म्हणजे सांगाडा, पिळते, तेव्हा दोघं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ती फट लागतेच.

माझा पहिला मालक काचवाला होता. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या काचा, आरसे. संशय घ्यायला मी त्याच्याकडूनच शिकलो. तो आधी माझ्यात जुन्या गाद्या अंथरायचा, मग काचा उभ्या लावायचा, दोरी बांधायचा, त्या दोरीवर विश्वास नाही म्हणून दुसरी बांधायचा आणि पहिल्याच वळणावर उतरून दोन्ही बघायचा. लोक म्हणत, काय जपतो हा गाडीला. मला मात्र तेव्हाही माहीत होतं की तो काचेला जपतोय आणि मी मधल्यामधे जपला जातोय. कसंही असो, त्याच्याकडे असेपर्यंत माझ्या अंगावर एक पोचा पडला नाही. याचा मला गर्व होता, आणि त्या गर्वाचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे.

काचवाला थकला तेव्हा गाडी त्याच्या जावयाच्या हाती गेली. जावई आरशात बघून केस नीट करत होता म्हणे, आणि खांब समोर आला. केबिनचं नाक आत गेलं, इंजिन गेलं. तिला भंगारात नेलं. माझे बोल्ट सोडून मला उचललं आणि काचवाल्याच्या मेहुण्याने आपल्या शेडमागे ठेवलं. "तात्पुरतं ठेवतो," तो म्हणाला. मेहुण्याचं तात्पुरतं म्हणजे काय असतं ते ज्यांना मेहुणे आहेत त्यांना मी सांगायला नको. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर मोडकी दारं आली आणि दारांच्या आडोशाने कोंबड्या आल्या. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या आणि रोज जागा बदलायच्या. मला वाटतं, त्यांचाही माझ्यावर भरवसा नव्हता.

वर्षांमागून वर्षं गेली आणि एक दिवस दारं बाजूला झाली, ताडपत्री उडाली. समोर दोघं उभे होते. एक बाई, पायात जाड बूट, चालताना डावा पाय जरा आखडता टाकत होती. तिला मी थोरली म्हणतो, कारण तिचा भाऊ धाकटा आहे. दुसरा होता गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा कारागीर. त्याला सगळे ठोक्या म्हणत. ठोक्याने मला बोटांनी वाजवलं, टेपने मोजलं, चाकांच्या वरच्या कमानी बघितल्या आणि मग माझ्याखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. खाली शिरून गप्प बसणाऱ्या माणसाचा मला सगळ्यात जास्त संशय येतो.

"ताई," तो खालूनच म्हणाला, "वरून जुळा आहे, खालून सावत्र."

"म्हणजे?"

"लांबी तीच, रुंदी तीच, चाकं बरोबर कमानीच्या मधोमध येणार. पण बोल्टची भोकं दोन बोटं पुढे आहेत. तुमच्या गाडीच्या पुढच्या सालातला दिसतोय हा. कंपनीने तेव्हा चासी बदलली."

"सावत्र चालेल," ती म्हणाली. "घेऊ सांभाळून."

सांभाळून घेऊ, हे शब्द मी ऐकले आणि मनात म्हटलं, झालं, आता माझं काही खरं नाही.

ठोक्याच्या वर्कशॉपमध्ये मला ज्या गाडीशेजारी उतरवलं ती माझ्याच रंगाची होती, म्हणजे एके काळी असावी. आता ती हिरव्याचा फक्त पुरावा उरली होती. तिच्या पाठीवर काही नव्हतं. उघडी चासी दिसत होती. तिचा मूळ हौदा भिंतीकडेला पडला होता. त्याच्या तळाच्या फळ्या कुजल्या होत्या, पट्ट्या गंजून सुटल्या होत्या आणि मधोमध एक भगदाड होतं. त्यातून खालची जमीन दिसत होती. मला त्याच्याकडे बघवेना. दुसऱ्याच्या जागेवर आपल्याला बसवायला आणलंय हे कळलं की कोणालाही थोडं चोरट्यासारखं वाटतं.

तिथे पडल्या पडल्या मी घरची सगळी हकीकत ऐकली. गाडी थोरलीच्या बाबांची. बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करत. विहिरीवरचे, इमारतींचे, कारखान्यांचे. पंप काढायचा, हौद्यात टाकायचा, दुरुस्त करून परत बसवायचा. आता ते काम थोरली करत होती आणि धाकटा हिशेब बघत होता. बाबा माझ्यापेक्षाही संशयी. तरुणपणी त्यांच्या भागीदाराने "जरा दुरुस्तीला नेतो" म्हणून त्यांची पहिली गाडी नेली होती, आणि ना गाडी परत आली ना भागीदार. तेव्हापासून कोणी 'दुरुस्ती' म्हटलं की त्यांना 'विक्री' ऐकू येई. या गाडीची किल्ली त्यांनी उभ्या आयुष्यात एकाच माणसाला दिली होती, थोरलीला, आणि तीही तिने दहा वर्षं हाताखाली काम केल्यावर.

थोरली त्यांना सांगून थकली होती की बाबा, हौदा कुजलाय, बदलू या. बाबांचं ठरलेलं उत्तर होतं. "आज हौदा बदलशील, उद्या इंजिन बदलशील, परवा गाडीच बदलशील. मी मूर्ख नाही." आणि मग एक दिवस पंप चढवताना तिच्या पायाखालची फळी गेली. पाय गुडघ्यापर्यंत भगदाडातून खाली गेला आणि गंजलेल्या पट्टीने पोटरी उभी फाटली. टाके पडले. बाबांना तिने सांगितलं, जिन्यावरून घसरले.

"खरं का नाही सांगितलंस?" ठोक्याने विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी गाडी बंद करून ठेवली असती आणि स्वतःला दोष देत बसले असते. किंवा म्हणाले असते, हौदा बदलायला कारण शोधतेस. दोन्हीतलं काय म्हणाले असते ते मलाच सांगता येत नाही."

म्हणून हा बेत. बाबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. आत्याच्या गावी मोठं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. ऑपरेशनला बाबा तिकडे गेले होते आणि बरे होईपर्यंत बहिणीकडेच राहणार होते. तेवढ्यात हौदा बदलायचा, वरून तसाच रंग मारायचा, आणि बाबा आले की गप्प बसायचं. कळलं तर किल्ली परत मागतील आणि पुन्हा कधी कुणाला देणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. किल्ली गेली म्हणजे काम गेलं, आणि थोरलीला कामापेक्षाही दुसरंच काहीतरी जायची भीती वाटत होती.

"त्यांना कुठे कळणार आहे," धाकटा म्हणाला. "गेल्या वर्षी मला आत्या समजून हाक मारली होती त्यांनी."

ठोक्या रंग ढवळत होता. त्याची काठी थांबली. "अरे पण," तो म्हणाला, "ते डोळेच नीट करून येतायत ना?"

बहीण भावाकडे बघत होती, भाऊ बहिणीकडे. मी इतकी वर्षं माणसं बघतोय, पण इतका शिस्तीत आखलेला आणि इतका आंधळा बेत पाहिला नव्हता. डोळे नसताना करायची फसवणूक त्यांनी डोळे नीट करायला पाठवून आखली होती.

तेव्हाच माझे दिवस भरले. नुसता रंग पुरणार नव्हता. जुन्या हौद्यावरचा प्रत्येक पोचा, प्रत्येक ओरखडा माझ्यावर उतरवायचा असं ठरलं. ठोक्याने जुन्या हौद्याच्या बाजूला मोठा खाकी कागद लावला, पोच्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले, तो कागद माझ्यावर चिकटवला आणि हातोडी उचलली. लोकांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पाडायची ही पहिलीच वेळ. त्याचाही हात क्षणभर अडला. आणि मी, ज्याच्या अंगाला काचवाल्याने बोट लागू दिलं नाही तो मी, मनात ओरडलो की शेवटी खरं रूप दाखवलंतच.

पण एक सांगायला हवं. पोचे पाडताना ती दोघं भावंडं प्रत्येकाची गोष्ट सांगत होती, आणि मला नको असताना ऐकू येत होती. डाव्या चाकावरचा खोल पोचा म्हणजे साखळी सुटून पंप आदळला तो दिवस. फाळक्यावरचा आडवा पोचा म्हणजे धाकटा बाबांना शेजारी बसवून रिव्हर्स घ्यायला शिकला तो दिवस. "भिंत पुढे आली होती," तो अजूनही म्हणत होता. आतल्या बाजूचे ओळीने बारीक बारीक पोचे, ते दोघं लहानपणी पान्याने बडवून बँड वाजवायची त्याचे. ते पाडायला ठोक्याने हातोडी त्यांच्याच हातात दिली. दोघं माझ्यात बसून पुन्हा बडवू लागली, आणि त्यांच्या हसण्यात मला काही डाव सापडेना. मी शोधला होता.

एक पोचा उजवीकडे, फाळक्याजवळ होता. अंगठा मावेल एवढा. घर बदललं त्या दिवशी त्यांच्या आईने शिवणयंत्र स्वतः चढवलं होतं, कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि त्याचा कोपरा तिथे टेकला होता. ती आता नव्हती. गाडीवरून उतरलं की बाबा त्या पोच्यात अंगठा टेकवून पुढे जात. ठोक्याने हातोडी ठेवून दिली आणि एक छोटा लाकडी हातोडा घेतला. थोरली म्हणाली, "ठोक्यादादा, हा नीट कर." त्याने तो इतक्या हळू केला की मला कळलंसुद्धा नाही.

मग रंग. ठोक्याने रंगाची जी उस्तवार केली ती मी विसरणार नाही. जुनी गाडी कायम एकाच भिंतीशी, एकाच दिशेला तोंड करून उभी राहिलेली. त्यामुळे उन्हाकडची डावी बाजू जास्त विटली होती आणि उजवी कमी. त्याने दोन्ही बाजूंचे रंग वेगवेगळे जुळवले. नवा रंग चमकतो म्हणून त्यावर पॉलिश पेपर घासून तेज मारलं. खालची भोकं नवीन पाडली, रबराच्या चकत्या घालून बोल्ट आवळले आणि केबिनच्या मागे बोटभर फट मोजून ठेवली. पुढची केबिन माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. फाळका मात्र माझाच राहिला. जुना आणून लावायला ठोक्या तयारच नव्हता. "त्याचा खटका वाकलाय," तो म्हणाला. "हा कसा गुपचूप लागतोय बघा. चांगला सोडून वाईट कशाला घ्यायचा?" पोचे पाडणाऱ्या माणसाचं मन एवढ्यापुरतं कारागिराचं राहिलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

बाबा आले ते काळा चष्मा लावून. घरात न जाता थेट माझ्याकडे आले. धाकटा नको तेवढं बोलत होता. हवा कशी आहे, आत्या कशी आहे, आत्याचा कुत्रा कसा आहे. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. मी श्वास धरून होतो. हौद्याला श्वास नसतो, पण धरला होता.

"एवढं भंगार झालंय हे?" ते म्हणाले. "हा पोचा कधीचा?"

"साखळी सुटली होती ना बाबा, तेव्हाचा," थोरली म्हणाली.

"आणि हा?"

"भिंत पुढे आली होती," धाकटा म्हणाला.

बाबा हसले. मग उजवीकडे आले आणि न बघताच अंगठा त्या छोट्या पोच्यात टेकवला. अंगठा बरोबर बसला. थोरलीने मान दुसरीकडे वळवली. मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की आपण संशय घेणारे नाही, आपणच संशयाची वस्तू आहोत. ते मला मुळीच आवडलं नाही.

फसवणूक पार पडली होती. धाकट्याने एक छोटा पंप माझ्यात ठेवला आणि बाबांनी सवयीने फाळका लावला. लावला आणि कमरेने एक जोरदार धक्का दिला. जुन्या हौद्याचा फाळका त्याशिवाय बसत नसे. वाकलेल्या खटक्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस इतकी वर्षं फाळका लावून कमरेने ढकलत आलं होतं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ही खोड आहे हेच कोणाच्या लक्षात नव्हतं. माझा फाळका आधीच घट्ट बसलेला. बाबांचं हाड लोखंडावर आपटलं.

ते कळवळले नाहीत. त्यांनी फाळका उघडला आणि एका बोटाने लावला. बसला. पुन्हा उघडला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुम्ही दोघं आत जा. चहा टाका. मी आलो."

आम्ही दोघंच उरल्यावर त्यांनी माझ्या कडेवर हात ठेवला. "तू कोणाचा रे?" त्यांनी विचारलं.

मला आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. लोक विचारत, केवढ्याला आहे, किती उचलतो, गंज आहे का. मला काचवाल्याचं सांगावंसं वाटलं, गाद्यांचं सांगावंसं वाटलं, मी खोटा नाही हे सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे?

थोरली चहा टाकायला गेलीच नव्हती. ती दारात उभी होती.

"जुना विकलास?" बाबांनी विचारलं.

"नाही. ठोक्यादादाकडे पडलाय."

"हा पण तूच करवलास?" त्यांनी अंगठ्याने तो पोचा दाखवला.

"तो नसता तर तुम्हाला लगेच कळलं असतं."

"तो नसता तर मी विचारलं असतं, एवढंच. आता अंगठासुद्धा फसला," बाबा म्हणाले. "किल्ली दे."

तिने किल्ली दिली. बाबांनी धाकट्याला हाक मारून बाहेर बोलावलं आणि ती त्याच्याकडे टाकली. "ठोक्याकडे घे गाडी. मला बघायचंय." ते पुढे बसले. थोरली पुढे बसली नाही. ती मागे माझ्यात चढली आणि केबिनला पाठ लावून बसली. माझ्या या घरातल्या आयुष्यातलं पहिलं खरं ओझं म्हणजे ती. सगळ्या रस्त्याने तिला मागे पडणारा रस्ता दिसत होता, जो मला दिसतो तोच. ती रडत होती. मला तिचा राग यायला हवा होता, हातोडी तिच्याच सांगण्यावरून पडली होती. पण नाही आला.

ठोक्या आम्हाला बघून हातातलं काम सोडून उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते सरळ जुन्या हौद्याकडे गेले, वाकले आणि नव्या डोळ्यांनी त्यांनी तो पहिल्यांदा नीट पाहिला. कुजलेल्या फळ्या, सुटलेल्या पट्ट्या. मग भगदाड. तिथे ते आणखी खाली वाकले. कडेला वाळलेला काळपट डाग होता आणि पट्टीचं टोक वर आलेलं होतं. भगदाडातून माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला, तर ते टोक बरोबर पोटरीत घुसणार होतं.

"पाय दाखव," ते म्हणाले.

"बाबा, जिन्यावरून..."

"पाय दाखव गं."

तिने विजारीचा पाय वर केला. बाबा उकिडवे बसले आणि काळा चष्मा काढून टाक्यांच्या खुणा बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, दिसत नाही ते एक बरं आहे, माणसांचे चेहरे तरी बघावे लागत नाहीत. तू किती वेळा सांगितलंस मला?"

"सांगितलं होतं."

"मी काय म्हटलं?"

"मूर्ख नाही म्हणालात."

ठोक्याने खाकरून तोंड फिरवलं. बाबा उठले, माझ्याकडे आले, धाकट्याचा खांदा धरून वर चढले आणि माझ्या पहिल्या फळीवर दाणकन पाय आपटला. मग दुसऱ्या फळीवर. मग तिसऱ्या. एकही फळी सोडली नाही. एरवी कोणी मला असं तपासलं की माझा तिळपापड होतो. त्या दिवशी मी सगळं अंग ताठ केलं आणि मनात म्हटलं, आपटा अजून, हवं तेवढं आपटा.

"ये वर," त्यांनी थोरलीला हाक मारली. "दुखऱ्या पायानेच आपट."

तिने आपटला. मी हललो नाही.

खाली उतरून बाबांनी धाकट्याच्या हातातली किल्ली घेतली आणि थोरलीपुढे धरली. "तू चालव. मी मागे बसतो. बघू दे कसा आहे."

"डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलंय," ती म्हणाली.

"काळा चष्मा आहे."

तसे आम्ही घरी आलो. आता मी याच गाडीवर आहे. रोज पंप वाहतो. फाळका नीट लागतो, तरीही घरातलं प्रत्येक जण लावल्यावर कमरेने एक धक्का देतंच आणि मग 'आई गं' म्हणतं. बाबा मला दिवसातून एकदा निरखून बघतात. काहीतरी अजून लपवलंय अशी त्यांना शंका असावी. जाताना तो उजवीकडचा पोचा खोटा आहे हे माहीत असूनही अंगठा टेकवतात. माणसांचं मला पुरतं कळत नाही. केबिन परवा खड्ड्यातून जाताना पहिल्यांदा काहीतरी पुटपुटली. माझ्यासाठी होतं की चाकासाठी, कोण जाणे.

आणि गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. थोरली एक जड पंप उतरवत होती. पायात कळ आली, साखळी हातातून सुटली आणि पंप मागच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. पत्रा आत गेला. ती पांढरीफटक होऊन उभी राहिली. घरातून बाबा आले, चष्मा कपाळावर चढवून बघितलं, बोटं फिरवली.

"ठोक्यादादाकडे नेते," ती घाईने म्हणाली. "सरळ करून देईल."

"राहू दे," बाबा म्हणाले. "याचा स्वतःचा हा पहिलाच आहे."

तर तुम्ही कोण आहात आणि कशासाठी ऐकलंत ते अजून मला माहीत नाही, आणि तुमच्यावर माझा विश्वास आहे असंही मी म्हणणार नाही. पण उद्या कधी मी तुमच्या हाती आलो आणि तुम्हाला मला नवाकोरा करायची हौस आली, तर एवढंच मागतो. दुसऱ्याचे पोचे काढायचे असतील तर काढा. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या एकाला मात्र हात लावू नका.